गोल मेनू आणि बाबांची पक्कड

३ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, मला कुणी अटकही केलेली नाही. सहज लिहावंसं वाटलं. वहिनीला नमस्कार सांग. तिचा गुडघा कसा आहे? आणि गच्चीतल्या कुंड्यांना या उन्हात दोन वेळा पाणी घालतोस ना, की अजूनही "झाडांना माझं वेळापत्रक कळतं" म्हणून त्यांना उपाशी ठेवतोस?

फोन करता आला असता. पण फोनवर आपण दोघं दोन वकिलांसारखे बोलतो, एकेक शब्द तोलून. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस आणि मी तुला जे नाही ते बोलले, त्यानंतर आपल्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि "तब्येत सांभाळ" एवढंच उरलं. पत्रात निदान मधेच कुणी "बरं, ठेवतो" म्हणत नाही. लिहायला बसले तर घरात धड चालणारं एक पेन नव्हतं. शेजारीण शाळेत शिकवते, तिच्याकडून मागून आणलं. म्हणाली, "तुम्ही आणि पेन? तुमचं तर सगळं तोंडानेच चालतं."

मी बरी आहे. काम जोरात आहे.

तुला माझं काम कधी नीट सांगितलंच नाही. तू एकदा विचारलं होतंस, "कॉम्प्युटरवर बटणं काढायला माणूस लागतो?" तेव्हा मी चिडले होते. आता शांतपणे सांगते. तू कॉम्प्युटरवर काही निवडायला जातोस तेव्हा काय उघडतं? यादी. एकाखाली एक ओळी. दादा, यादी ही उतरंड आहे. वरचा जवळ, खालचा लांब. तळाला जो आहे त्याच्यापर्यंत पोचायला दरवेळी खाली घसरत जायचं, प्रत्येक ओळ वाचायची, नेम धरायचा. वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसालाही ती यादी रोज नव्याने वाचायला लावते. अनुभवाचा इतका अपमान दुसऱ्या कुठल्या अवजाराने केला नसेल!

आम्ही त्याऐवजी गोल मेनू करतो. बाण जिथे असेल तिथेच माऊस दाबायचा, की त्याच्याभोवती चकती उघडते. आठ पाकळ्या, आठ दिशा. मधोमध तू. कुठलीच पाकळी वर नाही, खाली नाही. सगळ्या सारख्याच जवळ. हव्या त्या दिशेला जरा सरकलं की निवड झाली. आणि खरी गंमत पुढे आहे. थोडे दिवस वापरलं की हाताला दिशा पाठ होतात. मग चकती उघडण्याची वाट कोण बघतो? माऊस दाबून एक फटकारा मारायचा, काम झालं, चकती पडद्यावर दिसतसुद्धा नाही. हात अडखळला तरच ती उघडते, नवख्याला मदत म्हणून.

हे आम्ही रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षासाठी केलंय. कुणाचा तरी बाप जमिनीवर पडलेला असतो, फोनवर बाई रडत असते, आणि फोन घेणारा यादीतली ओळ शोधत असतो. ते मला बंद करायचं होतं. वर फटकारा म्हणजे रुग्णवाहिका. वर-उजवीकडे आगीचा बंब. उजवीकडे पोलीस. बरोबर खाली, म्हणजे रुग्णवाहिकेपासून सर्वांत दूर, रद्द. त्या जागेसाठी मी आमच्या साहेबांशी इतकी भांडले की शेवटी ते म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तिथे ठेवा, पण माझं जेवण थंड होतंय."

याचं प्रात्यक्षिक मी डोळे मिटून करते. माझा खास प्रयोग आहे तो. आधी भाषण ठोकते, मग डोळ्यांवर पट्टी बांधते आणि समोरच्यांना सांगते, ओरडा काहीही! कुणी "आग!" ओरडतं, कुणी "अपघात!", आणि माझ्या मागच्या मोठ्या पडद्यावर त्या त्या क्षणी बरोबर गाडी निघालेली दिसते. टाळ्या पडल्या की मी म्हणते, "डोळे फसतात. हात फसत नाही." किती सभागृहांत हे वाक्य म्हटलं असेन! तू असतास तर लहानपणी मला चिडवायचास तसं म्हणाला असतास, भोंगा तो भोंगाच.

सध्या मात्र ऑफिसात जरा कुरबुर आहे. कुणीतरी मेनूशी खेळलंय. चकती उघडायची वेळ कमी केलीय, की दिशा थोड्या फिरवल्यात, कळत नाही, पण मला न विचारता काहीतरी बदललंय एवढं नक्की. काल नियंत्रण कक्षाचे अधिकारी तालीम बघायला आले होते. कुणीतरी "छातीत कळ!" ओरडलं आणि माझ्या फटकाऱ्याने हृदयविकाराच्या रुग्णाकडे आगीचा बंब निघाला. लोक हसले. मला वाटलं, ठीक आहे, एकदा होतं. पुन्हा "अपघात!" आला, तेव्हा चकती उघडूनच बसली. माझ्यासमोर, दादा! मी बनवलेली चकती मला नवखी समजून मदत करत होती.

आमच्याकडे एक प्रोग्रामर आहे, तिला सगळे मौनी म्हणतात, कारण दिवसभरात चार वाक्यं बोलली तर खूप. मेनूच्या आत हात घालायची मुभा तिला एकटीला आहे. मी सगळ्यांसमोर तिला विचारलं. विचारलं म्हणजे काय, तू मला ओळखतोस. ती एवढंच म्हणाली, "मी काही हलवलेलं नाही, ताई."

असो. तुला हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. गोल मेनूची कल्पना मला कुठून सुचली असं लोक विचारतात तेव्हा मी बाबांच्या दुकानातली बैठक सांगते. जुन्या रेडिओंच्या ढिगाऱ्यात पाटावर बाबा, आणि त्यांच्याभोवती गोलात हत्यारं. पक्कड, कात्री, तीन स्क्रू ड्रायव्हर, शिशाच्या तारेचं रीळ, ती तार वितळवून जोड द्यायचं सोल्डरिंग आयर्न. नजर रेडिओच्या पोटात आणि हात न बघता बरोबर हव्या त्या हत्यारावर. लोकांना ही गोष्ट फार आवडते. त्या दिवशी काय झालं ते मी सांगत नाही.

मला आता त्या दिवसाबद्दल तुलाच विचारायचंय. बाबांनी पकडीसाठी हात टाकला आणि तापलेलं आयर्न मुठीत धरलं. आई पाणी आणायला धावली. बाबा तुझ्यावर ओरडले की तूच आयर्न हलवलंस. मी तेव्हा लहान होते, मधल्या दारात उभं राहून मी तुझ्या बाजूने जे काही किंचाळले ते माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण. दादाने हात लावला नाही, दादा तसं करणारच नाही! कुणी ऐकलं नाही, आणि तू त्या संध्याकाळी घर सोडलंस.

पण दादा, मी तर दारात होते. मी हत्यारांकडे बघत नव्हते. तू दुकानात काम करायचास, तूही आयर्न वापरायचास. घाईत जरासं इकडेतिकडे ठेवलं असशील का? एवढ्या वर्षांनी सांगायला काय हरकत आहे? बाबा नाहीत, आई नाही. मी शपथेवर सांगते, मला अजिबात राग येणार नाही. उलट बरंच वाटेल.

आठवून लिही. लवकर लिही.

तुझी,
भोंगा

१२ मार्च, गुरुवार

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पोस्टकार्डाच्या मधोमध दोन ओळी. "आयर्न जागेवरच होतं. तेव्हा एकटी तू माझं खरं मानलं होतंस, आता तूही?" खाली सहीसुद्धा नाही.

मी ते कार्ड फ्रिजवर लावलं, मग काढलं, मग कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवलं. आता ते कुठे आहे याची मला सतत जाणीव असते, जशी घरात पाल शिरली की असते.

तू दुखावलास. मी असं का विचारलं ते तुला सांगायला हवं. सांगते. पण जरा वळसा घालून जाऊ दे मला.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी मौनी माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. बाई कधी दार लावत नाही, म्हणून मला वाटलं राजीनामा आणलाय. आणि मी काय केलं असेल? खुर्चीत सरसावून बसले, उत्तर तयार! तिने माझ्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि बाजूला झाली.

पडद्यावर एक फूल होतं. आमचा मेनू चाचणीच्या वेळी प्रत्येकाच्या हाताचे फटकारे टिपून ठेवतो, म्हणजे पाकळ्यांचे कोन सुधारता येतात. ते सगळे फटकारे केंद्रापासून रेघा काढून दाखवले की आठ पाकळ्यांचं फूल दिसतं. हे फूल छान होतं, रेघा लांब, टोकदार. मी म्हटलं, "कुणाचं?"

"तुमचं. गेल्या वर्षीचं."

मग तिने शेजारी दुसरं उघडलं. त्याच्या रेघा आखूड होत्या. काही तर केंद्राजवळच गुरफटून मेल्यासारख्या. वरची पाकळी उजवीकडे कलली होती, बंबाच्या पाकळीत शिरलेली.

"हे कुणाचं?" मी विचारलं, आणि दादा, विचारतानाच मला कळलं होतं.

तिने त्या दुसऱ्या फुलावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मेनू तसाच आहे, ताई. बाकी सगळ्यांची फुलं मी तपासली. ती जशीच्या तशी आहेत." आणि थांबून, "मी हे कुणाला दाखवलेलं नाही. तुम्ही एकदा कुणाला तरी हात दाखवा."

मी तिला काय म्हणाले माहीत आहे? "थकवा आहे. झोप कमी होतेय. माऊस जुना आहे." तिने मान हलवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवा माऊस होता. तिच्या त्या चांगुलपणाचा मला इतका राग आला!

नव्या माऊसने मी दार लावून फटकारे मारून पाहिले. वर. वर. वर. चकती उघडली. उघडली. उघडली.

तेव्हापासून मी आरशासमोर हात पुढे करून उभी राहते. स्थिर असतो. अगदी दगड. मग हायसं वाटतं आणि मी चहा करते. कप उचलताना पुन्हा बघते. रस्त्याने चालताना दुकानांच्या काचेत बघते, कारण परवा शेजारीण सहज म्हणाली, "उजवा हात खिशात घालून चालता का हो तुम्ही?" मी खिशात घातला नव्हता. तो नुसता लोंबत होता, दादा. डावा झुलत होता आणि उजवा ओझं धरल्यासारखा सरळ.

मी इतकी पुस्तकं वाचली. भीतीवर बोलले, व्यासपीठावरून लोकांना "घाबरू नका" म्हणून सांगितलं आणि त्यांनी ऐकलंही. आता माझ्याच उजव्या हाताकडे बघायची मला भीती वाटते. तो माझ्याबरोबर एका खोलीत आहे, मी त्याच्याकडे पाठ फिरवू शकत नाही.

उद्या खरं प्रात्यक्षिक आहे. नियंत्रण कक्षातल्या फोन घेणाऱ्या बायका, अधिकारी, सगळे येणार. साहेबांनी निमंत्रणातच छापलंय की मी डोळ्यांवर पट्टी बांधून दाखवणार. त्यांना यातलं काही माहीत नाही. सकाळी ते म्हणाले, "उद्या नेहमीसारखं होऊ द्या, ताई." मी म्हटलं, "होणारच."

तुला लिहायला बसले होते ते वेगळंच. पुढच्या वेळी लिहीन. माझ्यावर रागवू नकोस, निदान आज नको.

भोंगा

१७ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

आज वळसा घालणार नाही. दोन्ही पत्रांत जे लिहायचं टाळलं ते आधी लिहिते.

मला तू चुकलेला हवा होतास.

तू आयर्न हलवलं होतंस, असं तू लिहावंस म्हणून मी देवाला न मानणारी बाई पोस्टमनची वाट बघत होते. कारण तू हलवलं असशील तर त्या दिवशी बाबांचा हात ठणठणीत होता. मग त्यांचा आजार खूप पुढे आला, थरथरीने आला, जसा सगळ्यांना दिसला तसाच आला. मग माझ्या आखूड रेघांचा आणि बाबांचा काही संबंध उरत नाही. माझा फक्त थकवा. माझा फक्त माऊस.

पण तू हलवलं नव्हतंस, तर मग तो आजार त्याच दिवशी आला होता. थरथर नव्हती, काही नव्हतं. हात नेहमीच्या दिशेला गेला आणि पोचायच्या आधी थांबला. पकडीच्या अलीकडे आयर्न होतं. माझा हात वरच्या दिशेला निघतो आणि पोचायच्या आधी थांबतो. आणि बाबांना जे वाटलं तेच मलाही वाटलं, की कुणीतरी जागा बदलली. त्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. मी मौनीकडे.

त्या आजाराचं नाव मी लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे, आणि बाबांचं काय झालं तेही तुला माहीत आहे, जरी तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. शर्टाची बटणं मी लावायचे. दाराच्या उंबऱ्याशी त्यांचे पाय चिकटायचे आणि ते म्हणायचे, "थांब, निघतोय." चेहरा असा व्हायचा की हसले तरी कळायचं नाही. मला त्याच दारात, त्याच उंबऱ्याशी माझे पाय दिसतात, दादा. आणि आवाज. शेवटी त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ते काय मागतायत हे कळायला कान तोंडाशी न्यावा लागायचा. माझा आवाज गेला तर माझ्याकडे दुसरं काय आहे?

आता प्रात्यक्षिकाचं सांगते.

सभागृह भरलेलं होतं. मी भाषण केलं, आणि ते चांगलं झालं, हे मला बोलतानाच कळत होतं. याद्यांची उतरंड, अनुभवाचा अपमान, सगळं. पहिल्या रांगेतली फोन घेणारी एक बाई तर डोळे पुसत होती. मग ती वेळ आली. साहेबांनी पट्टी पुढे केली. मी माऊसवर हात ठेवला, पट्टी अजून बांधलेली नव्हती, आणि समोर एवढी माणसं श्वास रोखून बसलेली. आणि त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं की हात फसत नाही, कारण ते मीच आत्ता त्यांना ओरडून सांगितलं होतं.

माऊस दाबायची माझी हिंमत होईना. आयुष्यात व्यासपीठावर पहिल्यांदा. मला वाटलं, एखादी थाप मारावी. मनगट लचकलंय म्हणावं. थाप जिभेवर आली होती, चांगली घडीव थाप. तेवढ्यात बाजूला तारांच्या गुंत्यात उभी असलेली मौनी दिसली. तालमीच्या दिवशी हेच साहेब, हेच अधिकारी होते. त्यांच्यासमोर मी तिला म्हटलं होतं, "लोकांच्या जिवाशी खेळताय तुम्ही." ती रोज कामावर येत होती आणि सगळे तिच्याकडे जरा बघून न बघितल्यासारखं करत होते.

मी माऊस सोडला. म्हटलं, "मागच्या वेळी रुग्णवाहिकेऐवजी बंब निघाला, तेव्हा मी इथे उभ्या असलेल्या बाईंवर मेनू बिघडवल्याचा आरोप केला होता. तो खोटा होता. मेनू बरोबर होता, माझा हात चुकला. ज्यांच्यासमोर आरोप केला त्यांच्यासमोर मी तो मागे घेते."

एवढंच. पुढे कुठलंही भाषण मला सुचलं नाही. साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच. मी पट्टी मौनीच्या हातात दिली. ती म्हणाली, "मला जमेल का?" मी म्हटलं, "तुलाच जमेल." ती पुढे येऊन बसली आणि लोक ओरडायला लागले. आग, अपघात, छातीत कळ, सगळं बरोबर. आमचं काम मंजूर झालं. लोक मला भेटायला आले, पण मी हात मिळवला नाही, नमस्कार करत सुटले.

बाहेर पायरीवर मी बसले होते तिथे मौनी येऊन बसली. मग तिने, मौनीने, विचारलं, "घरी कुणाला सांगितलंत?" मी म्हटलं, भाऊ आहे, पण तो माझ्याशी बोलत नाही. ती म्हणाली, "मीही तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत म्हणून कळलं नाही." आणि हसली. दादा, इतकं रडू फुटलं मला.

तर, जे मी त्या दिवशी सभागृहात केलं ते बाबांनी करायला हवं होतं. त्यांनी केलं नाही. कळल्यावरही केलं नाही, की त्यांना कधी कळलंच नाही, हे आता कुणाला विचारणार? म्हणून आज मी करते. त्यांचा हात माझ्याकडे आलाय असं दिसतंय, तर तेवढा अधिकारही आला असं समज. दादा, तू आयर्न हलवलं नव्हतंस. तो आरोप खोटा होता. बाबांच्या वतीने मी तो मागे घेते. आणि पहिल्या पत्रात मी तोच आरोप गोड बोलून पुन्हा केला, तोही मागे घेते.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेले. तरुण आहे, गंभीर, माझ्या विनोदांना हसली नाही. बोटं पटापट उघडमीट करायला लावली. डाव्या हाताची झाली. उजव्या हाताची चार-पाच वेळा झाली आणि मग चिमणीने पंख मिटावेत तशी लहान लहान होत गेली. चालायला लावलं. वळायला लावलं. शेवटी कागद पुढे केला, म्हणाली, "एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहा, पानभर."

मी म्हटलं, "कशाला?"

म्हणाली, "या आजारात अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं. पहिल्या ओळीपेक्षा शेवटची लहान. लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नाही, त्याला वाटतं आपण नेहमीसारखंच लिहितोय."

मी लिहिलं नाही, दादा. पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, पुढच्या वेळी. तिच्यासमोर लिहायचा मला धीर झाला नाही. ती चिडली नाही. म्हणाली, घरात कुणाला होता म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही, आणि झालाच तरी आता बरंच काही करता येतं. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. म्हणाली, वडिलांना सुरुवातीच्या दिवसांत पाहिलेलं कुणी असेल तर त्यांना बरोबर आणा. मी म्हटलं, एक जण आहे.

घरी येताना मला एक आठवलं. तू घर सोडल्यानंतर काही वर्षांनी बाबांनी तुला एक पत्र पाठवलं होतं. ते आल्याचं तू मला फोनवर सांगितलंस, चिडून. म्हणालास, "एवढ्या वर्षांनी लिहिलं, तेही भिंग लावून वाचावं लागेल असं कोपऱ्यात दाटीवाटीने. कागदसुद्धा वाया घालवायचा नव्हता त्यांना माझ्यावर." ते तू फाडलंस की ठेवलंस मला माहीत नाही. ठेवलं असशील तर काढून बघ. पहिली ओळ आणि शेवटची ओळ बघ. त्यांना वाटत असेल की ते तुला नेहमीसारख्या टपोऱ्या अक्षरात लिहितायत.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करतंय, ती सुरू होत नाहीये. मी मघापासून तेच ऐकत बसले आहे, म्हणजे हे पान संपवायला नको.

माझी तीन पत्रं आता तुझ्याकडे आहेत. मी ती परत वाचलेली नाहीत, हे पानसुद्धा वर नजर न टाकता लिहितेय. मला वाटतंय मी नेहमीसारखंच लिहितेय. पहिल्या पत्राचं पहिलं पान आणि हे पान शेजारी ठेव. तू बघ. डॉक्टरीणबाईंच्या आधी तू बघावंस असं मला वाटलं, कारण आयर्न कुठे होतं ते तू एकट्याने खरं सांगितलं होतंस.

जे दिसेल ते लिहू नकोस आणि फोनवर सांगू नकोस. मंगळवारच्या आत ये. वहिनीला कुंड्यांना पाणी घालायला सांग.

मला फार भीती वाटतेय, दादा.

जमेल तेवढ्या मोठ्या अक्षरात,
तुझी
भोंगा